घाणेरी तोडू नका, मुळासकट काढा आणि तिथे गवत आणा : ग्रामसभांना आणि वनहक्क समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील ग्रामसभा, सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समित्या आणि गायराने सांभाळणाऱ्या ग्रामपंचायती यांचे सर्व सदस्य

विषय : गुरांना विषबाधा करणाऱ्या घाणेरीची ओळख, बाधित जनावराची पहिल्या दिवसाची काळजी आणि निर्मूलनाच्या कामाची पद्धत बदलण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गायरानांवर, ओढ्यांच्या काठाने आणि सामूहिक वनहक्कात मिळालेल्या जंगलांत घाणेरी किती पसरली आहे, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. ती तोडण्याचे कामही अनेक गावांत कधी ना कधी झालेले आहे. मी पशुवैद्यक आहे, आणि या झुडपाकडे मी आजारी जनावराच्या बाजूने पाहत आलो आहे. त्या बाजूने पाहिले म्हणजे असे दिसते की, वरवर तोडलेली घाणेरी कमी तर होत नाहीच, उलट पुढचे काही महिने ती गुरांना अधिक सहज मिळते. तोडलेल्या बुंध्यातून फुटणारे कोवळे फुटवे नेमके गाईवासरांच्या तोंडाच्या उंचीवर येतात. तरीसुद्धा वार्षिक आराखड्यात हे काम ‘झुडपे तोडणे’ या नावानेच येते आणि किती हेक्टर तोडले एवढ्यावरच मोजले जाते. माझी आपणांस विनंती आहे की, हे काम यापुढे चाऱ्याचे काम म्हणून हाती घ्यावे, आणि जिथून घाणेरी निघाली तिथे गुरांना खाता येईल असे गवत उभे राहीपर्यंत ते पूर्ण झाले असे मानू नये.

प्रथम ओळखीबद्दल. घाणेरीला काही भागांत टणटणी म्हणतात. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. मोठे झुडूप सगळेच ओळखतात, पण निर्मूलनाच्या कामात खरा प्रश्न रोपांचा असतो, कारण फूल येण्याआधीची घाणेरी इतर रानझुडपांत सहज मिसळून जाते. तिची खोडे चौकोनी असतात. बोटांत धरून फिरवले की चार कडा स्पष्ट लागतात, आणि बहुतेक वेळा त्यांवर मागे वळलेले बारीक काटेही असतात. पाने समोरासमोर जोडीने येतात, त्यांच्या कडा दातेरी असतात आणि पृष्ठभाग खरखरीत असतो. पान चुरगळले की जो उग्र वास येतो, तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. फुलांचे लहान गुच्छ येतात आणि एकाच गुच्छात दोन-तीन रंग दिसतात, कारण मधली फुले नव्याने उमललेली असतात आणि कडेची जुनी फुले रंग बदललेली असतात : पिवळ्याची नारिंगी व लाल, किंवा फिकट पिवळ्याची गुलाबी. फळे आधी हिरवी असतात, पिकल्यावर काळी-जांभळी होतात. गुराख्यांना आणि कामावर येणाऱ्या सर्वांना वीतभर उंचीचे रोप ओळखता आले पाहिजे, आणि त्यासाठी शिवारात उभे राहून तासाभरात देता येईल एवढेच शिक्षण पुरेसे आहे.

लाल-नारिंगी फुलांची घाणेरी विषारी आणि गुलाबी फुलांची निरुपद्रवी, असा एक समज आहे. घाणेरीच्या सगळ्या जाती सारख्या विषारी नसतात आणि लाल फुलांच्या प्रकारांत विष अधिक आढळते, हे खरे आहे. परंतु फुलाच्या रंगावरून झुडूप सुरक्षित ठरवणे मुळीच योग्य नाही, कारण गुलाबी फुलांच्या घाणेरीनेही जनावरे दगावलेली आहेत. शिवाय ही वनस्पती आपापसांत संकर होऊन वाढलेली असल्याने एकाच उतारावर निरनिराळ्या प्रकारांची झुडपे उभी असतात. त्यामुळे घाणेरी दिसली की ती विषारीच आहे असे धरून चालावे.

ही वनस्पती इथली नव्हे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून ती शोभेचे झाड म्हणून जगभर नेली गेली, आणि आपल्या देशात ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. तिथून तिला पसरायला कोणाची मदत लागली नाही. बुलबुल आणि साळुंक्या तिची पिकलेली फळे खातात आणि बी दूरवर टाकतात. ऑस्ट्रेलियात तिने ४० लाख हेक्टरांहून अधिक जमीन व्यापली आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच की, साधनसामग्री आणि मोठी कुरणे असलेल्या देशांनाही तिचा बंदोबस्त करणे जमलेले नाही. म्हणून एका हंगामात सगळे गायरान मोकळे करण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर विसंबू नये.

आता मुख्य प्रश्न : ज्या झुडपाला एवढा उग्र वास येतो, ते जनावर खातेच का? घाणेरीच्या सहवासात वाढलेली गुरे पोटभर चारा असेपर्यंत तिला सहसा तोंड लावत नाहीत. विषबाधा होते ती मुख्यतः तीन प्रकारच्या जनावरांना. एक, घाणेरी नसलेल्या भागातून किंवा बाजारातून नव्याने आणलेली जनावरे, ज्यांना हे झुडूप माहीत नसते. दोन, वासरे आणि पहिल्यांदाच रानात जाणारी कालवडी-पारडी. तीन, आणि हीच संख्या सर्वांत मोठी, भुकेली जनावरे. उन्हाळ्याच्या शेवटी माळावर गवताची काडी उरत नाही, तेव्हा घाणेरी मात्र हिरवी असते किंवा वळवाच्या एखाद्या सरीने गवताच्या आधी पालवते. दुष्काळी वर्षांत हा काळ लांबतो. म्हणजे ज्या गावात चारा कमी आणि घाणेरी जास्त, त्या गावात विषबाधा जास्त. आणि चारा कमी होण्याचे एक कारण पुन्हा घाणेरीच असते, कारण तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. गुरांचे आजार आणि कुरणाची अवस्था या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकल्या आहेत, पण रानात त्या एकाच जागी घडतात.

किती खाल्ल्याने धोका होतो, हे झुडपातील विषाच्या प्रमाणावर अवलंबून असते. साधारण हिशोब असा धरावा की, जनावराच्या वजनाच्या सुमारे १ टक्का ओला पाला जीवघेणा ठरू शकतो. तीनशे किलोच्या गाईला तीन किलो पाला, म्हणजे एका भुकेल्या दुपारचे काम. पाला वाळल्यानेही विष जात नाही, ही बाब तोडणीच्या कामात विसरली जाते. तोडून रचलेले ढीग गुरांच्या वाटेवर पडून राहिले, तर ते वाळल्यानंतरही तितकेच धोक्याचे असतात.

पोटात गेल्यावर काय होते हे थोडे सविस्तर सांगतो, कारण उपचाराची सगळी घाई त्यातूनच समजते. घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची द्रव्ये असतात. ती आतड्यांतून शोषली जाऊन यकृतात पोहोचतात आणि पित्त बाहेर टाकण्याचे यकृताचे काम बंद पाडतात. यकृताला इजा झाली की कोठीपोटाची, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्याची, हालचालही मंदावते किंवा थांबते, आणि जनावर रवंथ करणे सोडते. आता खाल्लेला पाला कोठीपोटात तसाच अडकून पडतो, त्यातून विष थोडे थोडे सुटत राहते, ते यकृताला आणखी इजा करते, आणि कोठीपोट आणखी निपचित होते. म्हणूनच जनावराला घाणेरीपासून दूर आणले तरी ते बरे होईलच असे नाही. विषाचा साठा त्याच्या पोटातच असतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून कोठीपोटातील सूक्ष्मजीव फायलोएरिथ्रिन नावाचे एक द्रव्य तयार करतात. निरोगी जनावरात ते पित्तावाटे निघून जाते. पित्त अडले की ते रक्तात साचते, कातडीत पोहोचते, आणि त्यावर ऊन पडले की कातडी अक्षरशः भाजते. काळी कातडी उन्हाला अडवते, पांढरी अडवू शकत नाही. म्हणून काळ्या-पांढऱ्या संकरित होलस्टीन गाईत पांढरे ठिपके सुजतात, चिघळतात आणि त्यांचे पापुद्रे निघतात, तर शेजारचा काळा भाग शाबूत राहतो. हे चित्र एकदा पाहिले की निदानाबद्दल फार शंका उरत नाही.

परंतु कातडीवर फार विसंबू नये अशीही माझी सूचना आहे. आपल्या अनेक देशी गुरांच्या पांढऱ्या केसांखालची कातडी काळी असते, आणि म्हशी तर काळ्याच. त्यांच्यात उन्हाची लक्षणे नाकपुडी, पापण्या, कानांच्या कडा, कास अशा उघड्या व फिकट जागांपुरती राहतात किंवा दिसतही नाहीत. पण यकृताची इजा तेवढीच गंभीर असते. त्यामुळे गुराख्याने आणि पशुपालकाने लक्ष ठेवायचे ते पुढील क्रमाने. बहुधा पहिल्याच दिवशी जनावर चारा सोडते, सुस्त होते, रवंथ थांबतो आणि शेण कमी व घट्ट पडू लागते, क्वचित उलट हगवणही लागते. पुढच्या एक-दोन दिवसांत डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या पडू लागतात, लघवी गडद होते, आणि जनावर उन्हात थांबायला तयार नसते, सावली शोधते, डोळे मिटून घेते. त्यानंतर कातडी. मोठ्या प्रमाणात पाला खाल्लेले जनावर तीन-चार दिवसांत दगावू शकते. बाकीची एक ते तीन आठवडे झुरतात आणि पाणी व अन्नावाचून, मूत्रपिंडेही निकामी होऊन मरतात. कातडीपर्यंत वाट पाहिली तर उपचाराची उत्तम वेळ हातची गेलेली असते.

घाणेरीची बाधा इतर आजारांशी गल्लत होण्यासारखी आहे, आणि ती गल्लत महागात पडते. गोचिडांमुळे होणाऱ्या काही तापांतही डोळे पिवळे पडतात, परंतु त्यांत ताप ठळक असतो, आणि एका प्रकारात लघवी तांबडी, कॉफीसारखी होते. लम्पी त्वचारोगात अंगावर गाठी येतात आणि त्या काळ्या-पांढऱ्या कातडीत भेद करत नाहीत; घाणेरीच्या बाधेत गाठी नसतात आणि इजा पांढऱ्या, उन्हात उघड्या राहणाऱ्या भागापुरती असते. घरच्या घरी ठरवू नये, पण पशुवैद्यकाला हे जनावर कुठे चरत होते आणि केव्हापासून खात नाही, एवढे नक्की सांगावे. निम्मे निदान त्या दोन उत्तरांत असते.

उपचाराबद्दल मी इथे तपशिलाने लिहितो, कारण पहिल्या चोवीस तासांत जे केले जाते त्यावर बहुतेक सर्व अवलंबून आहे. जनावराला ताबडतोब सावलीत, शक्यतो अंधाऱ्या गोठ्यात आणावे आणि बरे होईपर्यंत उन्हात काढू नये. हिरवा चारा बंद करून कडबा किंवा वाळलेले गवत द्यावे, कारण हिरव्या चाऱ्यातूनच ते कातडी भाजणारे द्रव्य तयार होते. पाणी भरपूर ठेवावे. पशुवैद्यकाकडे यावर परिणामकारक उपाय आहे : सक्रिय कोळसा, जो कोठीपोटातील विष स्वतःला चिकटवून धरतो आणि पुढचे शोषण थांबवतो. त्याची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला ५ ग्रॅम, म्हणजे तीनशे किलोच्या गाईला दीड किलो, क्षारमिश्रित पाण्यात कालवून नळीने थेट पोटात सोडायची असते. चमचाभर कोळशाने काही साधत नाही. कोळसा न मिळाल्यास बेंटोनाइट ही माती त्याच मात्रेत वापरता येते. तिचा परिणाम थोडा सावकाश होतो, पण ती स्वस्त आहे. अत्यवस्थ जनावरात शस्त्रक्रियेने कोठीपोट रिकामे करून निरोगी जनावराच्या कोठीपोटातील द्रव घालावे लागते. शिरेतून सलाइन, कातडीच्या जखमांना औषध, हे सर्व याच्या जोडीला. पण कोठीपोटातला पाला तसाच ठेवून केवळ यकृताचे टॉनिक आणि इंजेक्शने देत राहणे म्हणजे वेळ दवडणे होय. घरी तोंडाने बाटली ओतून काही पाजू नये, कारण अशक्त जनावरात ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

यातून आपल्याकडे पहिली मागणी अशी येते. घाणेरीने व्यापलेल्या गावांमध्ये उन्हाळा सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी विचारावे की, चार-पाच मोठ्या जनावरांना पुरेल एवढा सक्रिय कोळसा किंवा बेंटोनाइट आणि पोटात घालण्याची नळी तिथे तयार आहे का. नसल्यास ती ठेवण्याची विनंती करावी आणि तिचा पाठपुरावा करावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा १९६२ हा क्रमांक गुराख्यांना पाठ असावा, आणि त्यांना एवढे सांगावे की, ‘आज रवंथ केला नाही’ हे कारण पथक बोलावण्यास पुरेसे आहे.

आता निर्मूलनाकडे येतो. जमिनीच्या वरून तोडणे, जाळणे आणि जेसीबीने उखडणे हे तीन मार्ग आपल्याकडे रूढ आहेत आणि तिन्ही माझ्या मते चुकीचे आहेत. वरून तोडलेले झुडूप बुंध्यातून अनेक फुटवे काढते आणि पहिल्यापेक्षा दाट होते. जाळल्यानेही मूळ मरत नाही. आगीत गवताचे बी आणि लहान झाडे मात्र जळतात, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुन्हा घाणेरीच सर्वांत आधी येते. जेसीबीने एक दिवसात मोठा पट्टा साफ होतो हे खरे, आणि म्हणूनच ते ठेकेदारीच्या कामाला सोयीचे वाटते. पण माती खालीवर झाल्याने तिच्यात पडून असलेले घाणेरीचे बी उजेडात येऊन रुजते, आणि उतारावरची माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते.

दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली पद्धत याहून साधी आहे आणि तिला कुदळीपलीकडे काही लागत नाही. घाणेरीचे फुटवे सोटमुळाच्या आणि खोडाच्या मधल्या भागातून येतात. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, त्या भागाच्या लगेच खाली, कुदळीच्या घावाने मुख्य मूळ तोडायचे, झुडूप उचलायचे आणि मूळ वर, फांद्या खाली असे उलटे ठेवायचे. उलटे ठेवल्याने ते पुन्हा मूळ धरत नाही. आसपासची माती फारशी हलत नाही, त्यामुळे दडलेले बी फारसे रुजत नाही. ही पद्धत कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वापरली गेली आहे आणि ती आपल्या गायरानावर वापरण्यात कोणतीही अडचण मला दिसत नाही. सरावलेला माणूस दाट जाळीतही आत न शिरता बाहेरून आत सरकत काम करू शकतो.

वेळ निवडणे महत्त्वाचे आहे. पावसाने माती मऊ झालेली असावी आणि फळे पिकलेली नसावीत. पिकलेली फळे असलेली झुडपे हलवली तर आपण स्वतःच बी पेरत जातो. तीव्र उतारावर सगळे एकदम काढू नये. समपातळीत पट्टे पाडून, एक पट्टा गवताने धरला की पुढचा घ्यावा. काढलेल्या झुडपांपासून गुरे दूर ठेवण्याची जबाबदारी कोणावर, हे काम सुरू होण्यापूर्वी नावानिशी ठरलेले असावे.

पण मुळासकट काढणे हा कामाचा लहान भाग आहे. घाणेरीचे बी जमिनीत काही वर्षे टिकते आणि पक्षी नवे आणत राहतात. म्हणून काढलेल्या जागेवर पुढे निदान तीन वर्षे, दर पावसाळ्यात, रोपे उपटण्याची फेरी लागते. ती रोपे सर्वत्र सारखी उगवत नाहीत. मोठ्या झाडांखाली, जिथे पक्षी बसतात, तिथे ती दाट येतात. फेरी तिथून सुरू केली तर थोड्या माणसांत काम होते. पहिल्या वर्षाची मजुरी मंजूर होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी तरतूदच नसते, हे या कामाच्या अपयशाचे सर्वांत मोठे कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वर्षांच्या फेऱ्यांचा खर्च धरता येत नसेल, तर क्षेत्र एक तृतीयांश करावे, पण फेऱ्या सोडू नयेत.

मोकळी जमीन रिकामी राहत नाही. तिथे गवत आले नाही तर घाणेरी, नाहीतर रानमोडी, नाहीतर गाजरगवत येते. त्यामुळे झुडूप काढण्याच्या आधीच्या हिवाळ्यात गावाच्या परिसरातूनच पवना, मारवेल, अंजन अशा गवतांचे बी गोळा करून ठेवावे आणि काढलेल्या पट्ट्यावर लगेच टाकावे. परिसरातले बी नसेल तर बाहेरून आणावे लागेल, पण स्थानिक बी त्या मातीला आणि पावसाला सरावलेले असते. पट्ट्यावर पहिला हंगाम चराई बंद ठेवावी, दुसऱ्या हंगामात गवत पिकून बी पडल्यानंतर कापून न्यावे, आणि त्यानंतरच गुरे आत सोडावीत. चराईबंदी हा गावातला नाजूक विषय आहे, विशेषतः ज्यांच्याकडे जमीन नाही आणि शेळ्या-गुरे आहेत त्यांच्यासाठी. म्हणून एकावेळी गायरानाचा थोडाच भाग बंद करावा आणि कापलेल्या गवतातला वाटा आधी त्याच कुटुंबांना मिळेल असा ठराव करावा. हे पाळले नाही तर बंदी मोडली जाईल, आणि तिला मोडणाऱ्यांना दोष देता येणार नाही.

तणनाशकाचा प्रश्न हमखास विचारला जाईल. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घालून तो परवानाधारक कीटकनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. गुरे चरतात, ओढे वाहतात आणि लोक रानभाज्या गोळा करतात अशा जागी फवारणी करू नये, असा माझा आग्रह आहे. कीटकांनी हे काम होईल अशी आशाही अनेकांना वाटते, कारण निवडुंगाच्या एका उपद्रवी जातीवर कोचिनील कीटकाने मात केली होती. घाणेरीवर असे प्रयत्न हवाई बेटांवर १९०२ पासून आणि आपल्या देशात १९२१ पासून झाले. अनेक देशांत मिळून चाळीसांच्या आसपास प्रकारचे कीटक सोडले गेले. काही टिकले, पाने खातात, बी कमी करतात, पण कोणीही घाणेरीला हटवू शकले नाही. एक मोठे कारण हे की, ती एकच जात नसून अनेक संकरांचा समूह आहे, आणि एका प्रकारावर जगणारा कीटक दुसऱ्यावर जगत नाही.

काढलेल्या काटक्यांपासून टोपल्या आणि फर्निचर बनवण्याचे चांगले काम कर्नाटकातील मले महादेश्वर डोंगरातल्या सोलिगा समाजाने केले आहे. आपल्याकडे ज्यांच्या हातात बुरुडकाम आहे, त्यांना हा जोडधंदा होऊ शकेल. माझी अट एवढीच की, काटक्यांसाठी झुडूप राखले जाऊ नये. कामाचा पैसा मुळासकट काढलेल्या झुडपाचा असावा, वरून छाटलेल्या फांद्यांचा नव्हे.

कुंपणाला घाणेरी उपयोगी पडते आणि फुलपाखरे व पक्षी तिच्यावर येतात, हे आक्षेप मी मनापासून मान्य करतो. कुंपणासाठी निर्गुडी, सागरगोटा आणि करवंद आहेत. त्यांची रोपे आधी लावून, ती धरल्यानंतर जुने कुंपण काढावे. ओढ्याकाठी धायटी, तोरण, करवंद अशी इथली झुडपे जिथे घाणेरीत दबून उभी आहेत, तिथे त्यांच्याभोवतीची घाणेरी आधी मोकळी करावी, म्हणजे पक्ष्यांचा आसरा आणि खाद्य टिकून राहते. सगळे एकदम उघडे करणे पक्ष्यांना आणि मातीला, दोघांनाही मानवणार नाही. रोपवाटिकांमधून शोभेसाठी घाणेरीची रोपे विकत आणणे मात्र आजच थांबवता येते, आणि शाळा व ग्रामपंचायतीच्या आवारात ती असतील तर सुरुवात तिथूनच व्हावी.

हे सर्व करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना चराईचा हक्क आणि जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि लोक जैवविविधता नोंदवहीत घाणेरीचे पट्टे गट क्रमांकासह, दाट आणि विरळ अशा नोंदीने लिहिता येतात. त्याच वहीत आणखी एक पान असावे, ज्यात कोणाचे जनावर केव्हा आजारी पडले आणि ते कुठे चरत होते हे लिहिले जाईल. दोन-तीन वर्षांत त्या पानावरून दिसेल की, निर्मूलनाला कोणत्या पट्ट्यापासून सुरुवात करायची. माझ्या अंदाजाने तो पट्टा सर्वांत दाट घाणेरीचा नसून पाणवठ्याच्या वाटेवरचा असेल, कारण तहानलेली आणि भुकेली गुरे रोज तिथूनच जातात. या कामासाठी रोजगार हमीतून मजुरी मागताना ‘झुडपे तोडणे’ याऐवजी ‘घाणेरी मुळासकट काढणे, तीन वर्षे रोपे उपटणे आणि गवत लावणे’ असे एकच सलग काम मागावे, आणि त्याचे मोजमाप तिसऱ्या पावसाळ्यानंतर उभ्या गवतावर व्हावे असे ठरावात लिहावे.

येत्या ग्रामसभेत हा विषय कार्यसूचीवर घ्यावा, आणि त्या दिवशी गावातील गुराख्यांना आणि शेळ्या राखणाऱ्या बायांना आवर्जून बोलावून त्यांचे आधी ऐकावे, ही विनंती. कोणत्या ओहोळात जनावरे घाणेरीला तोंड लावतात, हे आराखडा करणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक नेमके माहीत असते.

आपला नम्र,
एक पशुवैद्यक